आधी खुणा, मग चेहरा
जुन्या युद्धपोस्टरांवर देश अनेकदा बाईच्या रूपात काढलेला असतो. चोर बाजारात असं पोस्टर दिसलं की आधी त्या बाईच्या हातात आणि डोक्यावर काय आहे ते पाहा. चेहरा चित्रकारागणिक बदलतो. शिरस्त्राण, त्रिशूळ, युनियन जॅकची ढाल म्हणजे ब्रिटनची ब्रिटानिया. ओकच्या पानांचा मुकुट नि तलवार म्हणजे जर्मनीची जर्मेनिया. लाल फ्रिजियन टोपी (टोक पुढे झुकलेली मऊ टोपी) पाहून नवखे लगेच फ्रान्सची मारियान म्हणतात आणि फसतात. अमेरिकेची कोलंबियाही तशीच टोपी घालते, म्हणून कपड्यांवर तारे-पट्टे शोधा.

१९१७ चा बोट रोखणारा अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचं पुरुषरूप, मात्र दहापट भिंगाखाली धरल्याशिवाय घेऊच नका. एकसारखे, ओळीत बसलेले रंगीत ठिपके दिसले तर ती नंतरची ऑफसेट (यंत्रावर ठिपक्यांनी छापलेली) प्रत; लिथोचे, म्हणजे मूळ शिळाछापाचे, कण वेडेवाकडे असतात. मूळ आकार सुमारे ४० बाय ३० इंच.