संस्थानची मोटार?

प्रश्न : माझ्या कै. सासऱ्यांनी १९६० च्या सुमारास विकत घेतलेली जॅग्वार एक्सके १२० आमच्या इंदूरच्या वाड्यात उभी आहे. ती होळकर संस्थानची असून पूर्ण अॅल्युमिनिअमची आहे, असे घरात सांगतात. गिऱ्हाईक आधीच्या मालकांचा पुरावा मागते. तो कसा जमवावा?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : हे मॉडेल ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात प्रथम मांडले गेले आणि इंदूर संस्थान त्याच वर्षीच्या मे महिन्यात मध्य भारतात विलीन झाले होते, त्यामुळे ही मोटार संस्थानची असूच शकत नाही. शेवटचे संस्थानिक महाराज यशवंतराव होळकर यांची खासगी मात्र असू शकते. दौलत (राज्याची मालमत्ता) आणि खासगी (घराण्याची स्वतःची मालमत्ता) हा भेद होळकरांच्या इंदुरात जुनाच आहे, तो इथेही पाळावा. लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेल्या त्यांच्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकन मोटारीची ख्याती एवढी आहे की शहरातल्या कोणत्याही जुन्या देखण्या गाडीला त्यांचे नाव सहज चिकटते. त्यांच्या नावाची नोंद हाती येईपर्यंत ते जाहिरातीत घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

अॅल्युमिनिअमचे म्हणाल, तर तशा बॉडीच्या गाड्या केवळ २४२ निघाल्या. त्यांपैकी उजव्या स्टिअरिंगच्या ५८, चासी (सांगाडा) क्रमांक ६६०००१ ते ६६००५८. लोहचुंबक दाराला किंवा बॉनेटला लावून पाहू नका, कारण नंतरच्या पोलादी गाड्यांनाही ते भाग अॅल्युमिनिअमचेच होते. मडगार्डला लावा, चिकटला, तर उत्तर मिळाले.

यानंतर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक कारखान्याने गाडीवर बसवलेल्या क्रमांकांच्या पट्टीशी आणि प्रत्यक्ष धातूवरच्या ठशांशी ताडून घ्या व कंपनीच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या जॅग्वार-डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून प्रमाणपत्र मागवा. त्यात उत्पादनाची तारीख, मूळ रंग आणि गाडी प्रथम कोठे पाठवली हे कळते. तेथून सासऱ्यांपर्यंतची साखळी जुने नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद आणि खरेदीची पावती यांतून जोडावी लागेल. मधली काही वर्षे रिकामी राहिली, तर ती रिकामीच दाखवा. जाणकार खरेदीदार अशा प्रामाणिक खिंडारापेक्षा ऐकीव नावाने बुजवलेल्या खिंडाराला अधिक बिचकतो.

विक्रीपूर्वी वारसाहक्काची नोंद फॉर्म ३१ द्वारे आरटीओत करून घ्यावी. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील वेगळी नोंदणीही मिळते. तोवर गाडीला रंग देऊ नका आणि ती पट्टी घासून चकचकीत करण्याचा मोह टाळा, कारण उथळ ठसे एकदा झिजले की पुन्हा वाचता येत नाहीत.