जुनी जुकी घ्यावी का? निपाणीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा आहे : बेळगावात एका दुकानात जुनी जुकी, म्हणजे कारखान्यातलं शिलाई मशीन, १२ हजारांना सांगताहेत, बंगळुरूच्या गारमेंटमधून आलेली, क्लच मोटरसकट. तुम्हाला घरी पिशव्या आणि गोधड्या शिवायच्या आहेत, धंदा करायचा नाही. मग ती घ्यावी का, घेतली तर मोटर बदलावी का, आणि पुढेमागे तिच्यावर कॅनव्हास-रेक्झिन चालेल का?

घ्या, पण बघून घ्या. काय बघायचं ते सविस्तर लिहितो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर २२ वर्षं काढली. शिवणकाम हौसेचं. शहापूरच्या घरी आईचं पायाचं मशीन होतं, त्यावर हात बसला. जांबोटी-चोर्ल्याकडे भटकायला लागतात त्या सॅक आणि त्यांची पावसाळी कव्हरं शिवतो. २०१६ पासून तीन जुनी इंडस्ट्रियल मशिनं माझ्या हातून गेली, त्यातलं एक अजून घरात आहे. कारखान्यात ही मशिनं चालून चालून झिजतात, आपल्या घरी बसून बसून बिघडतात. म्हणून घेताना झीज बघायची आणि आणल्यावर मशीन बसू द्यायचं नाही. माझं बाकीचं सगळं सांगणं यातूनच निघतं.

आधी मॉडेल विचारा. आपल्याकडे सरळ टाक्याच्या कुठल्याही इंडस्ट्रियल मशीनला जुकीच म्हणतात, मग ते ब्रदर असो, झोजे असो की जॅक. खरी जुकी असेल तर पाटीवर डीडीएल-५५५०, ८५००, ८७०० असं काहीतरी असेल. ही सगळी चांगली घराणी आहेत, सुटे भाग सगळीकडे मिळतात. आकड्यानंतर ‘एच’ असेल तर ते जाड कापडाचं. बल्लारीच्या जीन्सवाल्यांकडून आलेल्या मालात अशी मशिनं सापडतात. पिशव्यांसाठी एच मिळालं तर उत्तमच, पण त्यावर पातळ मलमल गोळा होते. गोधडीला जुनी मऊ सुती लुगडी वापरणार असाल तर साधं ८७०० बरं.

रंगाकडे बघू नका. रंग नवा मारता येतो. स्क्रूची डोकी बघा. खाचा कुरतडलेल्या असतील तर ज्याच्या हाती पडलं त्यानं मापाचा स्क्रूड्रायव्हरसुद्धा वापरलेला नाही, आत काय केलं असेल ते समजून घ्या.

मग दुकानदाराला मोटर बंद करायला सांगा, पट्टा उतरवा आणि उजवीकडचं चाक दोन बोटांनी आपल्याकडे फिरवा. पूर्ण फेऱ्यात ते एकसारखं हलकं फिरलं पाहिजे. दर फेऱ्याला एकाच जागी जड लागत असेल तर आत काहीतरी वाकलंय किंवा अडकतंय. आता सुईची दांडी सगळ्यात खाली आणा, चिमटीत धरा आणि मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवून बघा. बोटांना कटकट जाणवली तर बुश, म्हणजे दांडीला धरणाऱ्या नळ्या, गेलेत. तिथे भाव करत बसू नका, सरळ उठा.

त्यानंतर मशीनच्या पायाखालची (कापड दाबून धरतो तो पाय) प्लेट काढायला लावा, दोनच स्क्रू असतात. मोबाईलची बॅटरी मारून आतल्या हुकचं, म्हणजे सुईचा दोरा पकडून टाका घालणाऱ्या फिरत्या भागाचं, टोक बघा. ते बाभळीच्या काट्यासारखं टोकदार आणि गुळगुळीत हवं. टोक बोथट असेल, किंवा टोकामागून नख फिरवताना अडकत असेल, तर दोरा तुटणार आणि टाके सुटणार. चाक हळूहळू फिरवलं की हुकचं टोक सुईच्या मागून जाताना दिसतं. तिथली फट मिलिमीटरच्या ०.०४ ते ०.१ इतकीच हवी, म्हणजे वहीचा कागद जेमतेम जाईल एवढी. टोक सुईला घासत असेल तर बिघाड, फट डोळ्यांना ठसठशीत दिसत असेल तरी बिघाड. मात्र हुक हा बदलायचा भाग आहे. नवा हुक दुकानात मिळतो, मिस्त्री अर्ध्या तासात बसवतो. तेव्हा खराब हुक दिसला तर मशीन सोडू नका, किंमत कमी करून घ्या. पण हुक ज्या दांड्यावर बसतो तो दांडाच डगडगत असेल तर सोडा. हुकचा खर्च एकदाचा असतो, दांड्याचा संपत नाही.

हेड, म्हणजे टेबलावरचं मुख्य मशीन, मागे कलवून तेलाच्या ट्रेमध्येही डोकवा. बऱ्याच ट्रेंच्या कोपऱ्यात छोटा गोल लोहचुंबक असतो, त्यावर बोट फिरवा. तुटक्या सुया, एखादा स्क्रू असणारच. पण तेलात चमचमणारी बारीक धूळ असेल तर ते आतलं लोखंड झिजून आलेलं आहे. तेल अगदी पाण्यासारखं स्वच्छ आणि वरचे भाग कोरडे ठाक दिसले तर ते तेल कालच ओतलंय.

शेवटी शिवून बघा, आणि आपलंच कापड न्या. दुकानातल्या चिंधीवर प्रत्येक मशीन छान शिवतं, कारण ते त्याच चिंधीवर जुळवलेलं असतं. मांजरपाटाची दुहेरी पट्टी, तुमच्या पिशवीचं कापड चौपदरी, आणि त्याच पट्टीवर रिव्हर्स मारून बघा. पुढचा आणि उलटा टाका सारख्याच लांबीचा पडायला हवा.

भाव करताना कानडी येत असेल तर कानडीत करा. ‘स्वल्प कम्मी माडरी’ (थोडं कमी करा) एवढ्यावर माझे पाचशे रुपये वाचले आहेत. पण पैशांपेक्षा एक गोष्ट आधी पक्की करा : दुरुस्तीला निपाणीपर्यंत कोण येणार? तुम्हाला कोल्हापूर, इचलकरंजी बेळगावपेक्षा जवळ पडतं. मिस्त्री तिकडचा मिळणार असेल तर मशीनही तिकडेच शोधलेलं सोयीचं.

आता आणण्याबद्दल. आणण्याआधी ट्रेमधलं सगळं तेल काढून घ्या, हेड टेबलावरून वेगळं करा आणि उभंच ठेवून आणा. नुसतं हेडच २५-३० किलोचं असतं, उचलायला दोन माणसं लागतात. मला हे पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. तेलासकट मशीन लोडिंग रिक्षात आडवं टाकून आणलं. तेल टेबलाच्या लाकडात मुरलं, मोटरवर गेलं, आणि पुढचे कितीतरी महिने पांढऱ्या कापडावर कुठून ना कुठून डाग पडायचा. आईसाठी शिवलेली उशीची खोळ तिनं तशीच वापरली, पण मला ते अजून लागतं.

तुम्ही क्लच मोटर म्हणालात, पण ती किती फेजची हे लिहिलं नाही. मोटरवरची पाटी वाचा. कारखान्यातल्या बऱ्याच मोटरी थ्री फेज, ४१५ व्होल्टच्या असतात, त्या घरच्या २३० व्होल्टवर चालत नाहीत. दुकानात त्यांच्या लाइनवर छान फिरते आणि घरी आणल्यावर माणूस कपाळाला हात लावतो. तशी असेल तर मोटरची किंमत शून्य धरून भाव करा.

मोटर बदलावी का? हो, क्लच काढून सर्वो मोटर लावा. हौशी माणसानं जुन्या मशीनवर पहिला खर्च हाच करावा, आणि बराच काळ दुसरा करूच नये. ८७००चा कमाल वेग मिनिटाला ५,५०० टाके आहे, म्हणजे सेकंदाला नव्वदच्या वर. कॉलर शिवून दिवस भरणाऱ्या कारागिराला तो लागतो. आपल्याला कोपऱ्यावर येऊन एक टाका टाकून थांबायचं असतं. क्लच मोटर स्विच दाबल्यापासून पूर्ण वेगानं फिरतच असते, आपण पॅडलनं फक्त तिला मशीनशी जोडतो. पायाची सवय झाली तर त्यावरही हळू शिवता येतं, पण त्याला महिने लागतात आणि तोवर बोट सुईखाली जायची भीती असते. सर्वो मोटर पॅडल दाबल्यावरच फिरते, आवाज जवळजवळ नाही, आणि कमाल वेग आपण ठरवायचा. पहिल्या आठवड्यात हजाराच्या आत ठेवा.

बसवायला सोपी आहे. क्लच मोटर टेबलाखाली तीन बोल्टांवर लटकलेली असते, सर्वो बहुतेक वेळा त्याच भोकांत बसते. पट्ट्याची लांबी बदलू शकते, म्हणून जुना पट्टा सोबत घेऊन दुकानात जा. मोटरची पुली लहान घ्या. वेग कमी होतो आणि जाड शिवणीवर जोर वाढतो, आपल्याला दोन्ही हवंय. बसवल्यावर पहिली गोष्ट, चाकाचा वरचा भाग आपल्याकडे फिरतोय का बघा. उलटं फिरत असेल तर लगेच बंद करा आणि सर्वोच्या सेटिंगमध्ये दिशा बदला. आणि वळवाचा पाऊस आला की प्लग काढून ठेवत जा. माझं एक सर्वोचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक भाग, मे महिन्यातल्या विजेनं गेलं. त्या दिवशी स्विच बंद होता, प्लग मात्र भिंतीतच होता.

जुनं मशीन, सर्वो, नवा हुक आणि टेबलाची डागडुजी मिळून बेरीज नव्या डायरेक्ट ड्राइव्ह मशीनच्या जवळ जात असेल तर नवंच घ्या. त्याची मोटर हेडमध्येच असते. जुन्याचं मला कितीही प्रेम असलं तरी हे सांगायला हवं.

आता तेल. इथे हौशी लोकांची मशिनं मरतात, म्हणून थोडं सावकाश सांगतो. ट्रेमध्ये ‘हाय’ आणि ‘लो’ अशा दोन खुणा असतात, तेल त्यांच्यामध्ये हवं. हेडच्या वर एक छोटी पारदर्शक खिडकी असते, मशीन चालताना तिच्यात तेल उडताना दिसतं. हे तेल वर चढवणारा पंप मशीनच्याच फिरण्यावर चालतो. कारखान्यात वेग जोरात, त्यामुळे तेल सगळीकडे पोचतं. आपण सर्वो लावून तेच मशीन सहाशे-सातशेवर चालवतो आणि खिडकी कोरडी राहते. खाली ट्रे भरलेला, वरचे भाग तहानलेले. म्हणून महिन्यातून एकदा दोरा काढून, पाय वर उचलून, सर्वोचा वेग वाढवून मशीन काही मिनिटं पळवायचं. बरेच दिवस बंद राहिलेलं मशीन सुरू करताना जुकीची सूचनाच आहे : सुमारे १० मिनिटं ३,००० ते ३,५०० वेगानं चालवा. पाय उचलायला विसरू नका, नाहीतर कापडाविना खालचे दाते पायावर घासतात.

हुकला तेल मिळतंय का हे कळायला एक सुंदर युक्ती आहे. हुकखाली, त्याला न लागेल असा, कागदाचा तुकडा धरून मशीन ५ सेकंद चालवा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली की ठीक. कोरडा राहिला तर हुक तापणार, शिंतोडे उडाले तर कापड डागाळणार. माझ्या पाकिटात अजून तसा एक कागद आहे, पहिल्यांदा रेघ बरोबर आली त्या दिवसाचा.

तेल शिलाई मशीनचंच, पातळ आणि पांढरं. खोबरेल अजिबात नको. आई पायाच्या मशीनला खोबरेल घालायची, आणि बेळगावच्या थंडीत, डिसेंबरच्या सकाळी ते आतच थिजायचं. मग मशीन उन्हात अंगणात. जुनं खोबरेल पुढे लाखेसारखं घट्ट होतं. असं चिकटलेलं मशीन मिळालं तर जोर लावून फिरवू नका. रॉकेलचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा, हळूहळू हलवा, मग पुसून तेल द्या.

पावसाळ्याचंही तेच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना ओल येते, खानापूरकडे तर विचारू नका. प्लेट, सुईची दांडी आणि हुकवर तेलाचं बोट फिरवून ठेवायचं, पायाखाली सुती चिंधी दाबून ठेवायची आणि झाकायला जुनी साडी. प्लास्टिक नको, आत घाम धरतो. आणि आठवड्याला दहा मिनिटं का होईना, शिवायचं.

सुईचं लवकर सांगतो. या मशीनला डीबी×१ जातीची सुई लागते. तिचं डोकं पूर्ण गोल, घरगुती सुईसारखी चपटी बाजू नाही, त्यामुळे ती चुकीची फिरवून बसवता येते. लांब खाच डावीकडे, खोलगट भाग बरोबर उजवीकडे. केसभर फिरली तरी टाके सुटतात आणि माणूस उगाच टायमिंग (सुई आणि हुकची जुळणी) उघडत बसतो. गोधडीला १४ नंबर, पिशवीला १६, कॅनव्हासला १८.

कॅनव्हासचे दोन-चार पदर हे मशीन आरामात घेईल. रेक्झिनला साधा पाय चिकटतो, टेफ्लॉनचा पाय लावा, किंमत किरकोळ आहे. पण सॅकचा पट्टा, फोम आणि रेक्झिन असा थर आला की वरचा पदर मागे राहतो आणि शिवण संपताना दोन्ही कडा जुळत नाहीत. मोटर मोठी घेऊन हे सुटत नाही, कारण इथे कापड फक्त खालचे दाते ओढतात. त्याला चालत्या पायाचं मशीन लागतं, ज्यात सुई आणि पायही कापडासोबत सरकतात. जुकीचं डीएनयू-१५४१ तसं आहे. मिनिटाला २,५०० टाकेच, पण टाका ९ मिलिमीटरपर्यंत लांब पडतो. ते वर्षा-दोन वर्षांनी बघा. सपाट हेडचं टेबलावरचं खाचेचं माप बहुधा ठरलेलं असतं, ४७६ बाय १७८ मिलिमीटर. म्हणून आत्ता टेबल-स्टँड चांगलं घेतलंत तर पुढे सरळ टाक्याचं दुसरं हेड त्यातच बसवता येईल. चालत्या पायाच्या हेडला मात्र मोजून बघा, त्याचा बेड बऱ्याचदा मोठा असतो.

दुकानात जाल तेव्हा प्लेट काढल्यावर हुकच्या टोकाचा जवळून फोटो काढा आणि मोटरच्या पाटीचा एक. दोन्ही इथे टाका, पैसे द्यायच्या आधी मी बघून सांगतो.