स्त्रासबुर्ग विद्यापीठाचं खरं वय काय?

प्रश्न : एम.ए.च्या अभ्यासक्रमात इतिहासकार मार्क ब्लॉक आहेत. ते फ्रान्समधल्या स्त्रासबुर्ग विद्यापीठात शिकवत. पण या विद्यापीठाची स्थापना कुणी 1538 सांगतं, कुणी 1621, तर कुणी 2009. शिवाय महायुद्धात तिथे नाझींचं विद्यापीठ होतं म्हणे. मग ब्लॉक यांचं विद्यापीठ नेमकं कोणतं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तिन्ही सालं बरोबर आहेत. 1538मध्ये योहानेस स्टुर्म यांच्या हाताखाली तिथे प्रोटेस्टंट शाळा सुरू झाली, 1621मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 1968च्या विद्यार्थी आंदोलनानंतर कायदा बदलला आणि विद्यापीठाचे तीन भाग झाले. ते 1 जानेवारी 2009 रोजी पुन्हा एक झाले.

1871मध्ये जर्मनीने स्त्रासबुर्ग ज्यात आहे तो आल्सास प्रांत फ्रान्सकडून घेतला आणि 1884मध्ये विद्यापीठासाठी महालासारखी इमारत उभी केली. तिच्या माथ्यावर जर्मन विद्वानांचे पुतळे आहेत, कांट आणि लायब्निट्ससुद्धा. पहिल्या महायुद्धानंतर विद्यापीठ फ्रेंचांकडे आलं, तरी पुतळे तिथेच राहिले. इतकी वर्षं हा विषय शिकवतेय, पण या एका गोष्टीबद्दल मला त्या लोकांचा आजही आदर वाटतो. ब्लॉक 1919मध्ये रुजू झाले ते इथे. इथेच त्यांची इतिहासकार ल्युसिएँ फेव्र यांच्याशी गाठ पडली आणि 1929मध्ये दोघांनी 'आनाल' हे नियतकालिक काढलं. राजे आणि तह बाजूला ठेवून शेती, बाजारभाव, लोकांच्या समजुती यांचा इतिहास त्यातून लिहिला जाऊ लागला.

आता महायुद्धाचं. सप्टेंबर 1939मध्ये सीमेवरचं हे शहर रिकामं केलं गेलं आणि विद्यापीठ शेकडो किलोमीटर दूर क्लेरमाँ-फेराँला हललं. फ्रान्स हरल्यावर जर्मनांनी ते परत मागितलं. विद्यापीठ गेलं नाही. मग 1941मध्ये नाझींनी स्त्रासबुर्गच्या रिकाम्या इमारतींत आपलं 'राइश विद्यापीठ' थाटलं. तिथल्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने, आउगुस्ट हिर्टने, सांगाड्यांच्या संग्रहासाठी 86 ज्यू स्त्री-पुरुषांना मारवलं.

इकडे क्लेरमाँत 25 नोव्हेंबर 1943 रोजी जर्मनांनी विद्यापीठाला वेढा घातला. ग्रीकचे प्राध्यापक पॉल कोलों यांना तिथेच गोळी घातली. सगळ्यांना अंगणात उभं करून एकेकाची कागदपत्रं तपासली. आल्सासचे आणि ज्यू विद्यार्थी-प्राध्यापक वेगळे काढले. त्यांतले कितीतरी छळछावण्यांत गेले आणि परतले नाहीत.

ब्लॉक 1936मध्येच पॅरिसला गेले होते. पण ते ज्यू असल्याने 1940नंतर पॅरिसला परतणं शक्य नव्हतं, तेव्हा क्लेरमाँतल्या याच विद्यापीठाने त्यांना वर्ग दिला. पुढे ते भूमिगत लढ्यात उतरले. 16 जून 1944 रोजी जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या.

म्हणून ब्लॉक यांच्यावर लिहिताना युद्धकाळातलं स्त्रासबुर्ग विद्यापीठ क्लेरमाँ-फेराँला होतं, असं स्पष्ट लिहा. राइश विद्यापीठावर वेगळी टिपण काढा, आणि हिर्टचं नाव त्यातून गाळू नका.