सप्लाय बंद केला तरी रेलवर 2.6 व्होल्ट का दिसतात?

तुमचा ईएसपी32 (मायक्रोकंट्रोलर) कायम चालू, फक्त सेन्सर बोर्डची 3.3 व्होल्टची रेल, म्हणजे पॉवरची लाइन, मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) बंद करता, तरी मीटरवर 2.6 दिसतात आणि कपॅसिटरमध्येच चार्ज उरतोय असं वाटून ते दोनदा बदलून झाले, बरोबर? मग कपॅसिटरला आता हात लावू नका. 3.3 मधून एका डायोडचे 0.6-0.7 वजा करा, आला ना तोच आकडा? बहुतेक चिपांच्या पिनमध्ये व्हीडीडीकडे (चिपच्या पॉवरच्या पिनकडे) जाणारा प्रोटेक्शन डायोड असतो, चिपची पॉवर गेली आणि समोरून पिन हाय (म्हणजे 3.3 व्होल्टवर) राहिली की त्या डायोडमधून सगळी रेलच चार्ज होते.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या टाकीसाठी मी लेव्हल कंट्रोलर बनवलेला, तो हँग झाला की ॲडॅप्टर काढून परत लावला तरी तसाच. एकदा रात्री गच्चीवर टॉर्च बंद केला आणि दिसलं, ॲडॅप्टर माझ्या हातात आणि बोर्डावरचा लाल एलईडी अगदी मंद पेटलेला! डीबगसाठी लॅपटॉपला यूएसबी-सिरियल लावलं होतं, त्याची टीएक्स (डेटा पाठवायची) लाइन डेटा नसताना हायच असते, तिच्यातून बोर्ड अर्धवट जिवंत राहायचा, व्होल्टेज पुरतं खाली जायचंच नाही मग रीसेट कुठून होणार.

आता तुम्ही रेल आणि ग्राउंडमध्ये 1 के (1000 ओहम) चा रेझिस्टर लावा. नुसता कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज असेल तर 470 मायक्रोफॅरड सुद्धा दोन-तीन सेकंदात रिकामा होतो आणि रेझिस्टर काढल्यावर व्होल्टेज परत चढत नाही, चढलंच तर किंचित. परत 2.6 वर गेलं तर बाहेरून येतंय हे पक्कं. रेझिस्टर असताना 2 च्या वर टिकलं तर एखादी जीपीआयओ (कोडमधून हाय-लो करता येणारी पिन) हाय आहे, 0.8 च्या आसपास आलं तर आयटूसीचे (सेन्सरशी बोलणाऱ्या दोन तारांचे) 4.7 के चे दोन पुल-अप, म्हणजे लाइन हाय ठेवणारे रेझिस्टर, चालू रेलला बांधलेले असणार. मग एकेक वायर काढत जा, जी काढल्यावर आकडा पडेल तीच. (हे फक्त 3.3, 5 व्होल्टवर करा, एसएमपीएसच्या (ॲडॅप्टरमधल्या पॉवर सप्लायच्या) मेन्स बाजूच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, तिथे अजिबात नाही.)

जीपीआयओ असेल तर रेल बंद करायच्या आधी कोडमध्ये त्या पिना लो करा, पुल-अप असतील तर ते बंद होणाऱ्या रेलवर हलवा. लाइनमध्ये 1 के सिरीज टाकलात तर करंट कमी होईल पण व्होल्टेज जाणार नाही, तेवढ्यावर थांबू नका.