मूळ वही देऊ नका, आणि जुलैतली हिरवी तुतारी खरीच आहे

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. 24 जुलैला गावच्या पाझर तलावावर एकटी हिरवी तुतारी, म्हणजे चिखलात चोच घालून जगणारा ग्रीन सँडपायपर पक्षी, दिसली. ग्रुपवरच्या जाणत्यांनी "हिवाळी पाहुणी आहे, जुलैत कुठून येणार" म्हणून विषय संपवला. आणि आता येत्या उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढायचा म्हणून कार्यालयाने तुमची चार वर्षांची पक्ष्यांची नोंदवही, तीही मूळ, सोमवारपर्यंत जमा करायला सांगितली आहे. माझ्या बाबतीत हे असंच घडलं होतं, याच क्रमाने. म्हणून लांब लिहितो आहे. दुर्बीण कोणती घ्यावी, यादी कशी करावी हे तुम्हाला सांगायची गरज दिसत नाही.

आधी वहीचं, कारण सोमवार जवळ आहे. मूळ वही कुणालाही देऊ नका. साहेबांनी मागितली तरी नाही, ओळखीच्या माणसाने "उद्या परत देतो" म्हटलं तरी नाही.

मी 2011 ते 2018 अशी आठ वर्षं करमाळ्याच्या बाजूच्या एका पाझर तलावावर आणि त्याच्या खालच्या ओढ्यावर दर रविवारी सकाळी जात होतो. शाळेत शिकवायचो, तेवढाच दिवस मोकळा मिळायचा. सगळं एका जाडजूड लाँगबुकात लिहायचो. कुठल्या रविवारी पाणी कुठपर्यंत होतं, चिखल किती उघडा होता, कोण दिसलं, कोण दिसलं नाही. 2019च्या उन्हाळ्यात तलाव खोल करायचं ठरलं. कामाला माझा विरोध नव्हता. आमच्याकडे पाण्याचं मोल काय आहे ते मला कुणी शिकवायला नको. एवढंच म्हणणं होतं की ओढा जिथे तलावात उतरतो तिथली उथळ बाजू तशीच ठेवा. अर्ज घेऊन गेलो, सोबत निवडक पानांच्या झेरॉक्स होत्या. "झेरॉक्स कुणीही आणतो, मूळ पुरावा जोडा," असं उत्तर मिळालं. मी पिशवीतून वही काढून दिली.

पोच घेतली नाही. ती का घेतली नाही, हे सांगतो, कारण तुमच्यावरही तशी वेळ येईल. टेबलावरचे गृहस्थ माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील होते. त्यांनी चहा मागवला, "सर, निर्धास्त राहा" म्हणाले. अशा माणसाला "माझ्या वहीची पोच द्या" म्हणायची मला लाज वाटली. त्या लाजेपायी आठ वर्षं गेली. दोन महिन्यांनी गेलो तर त्यांची बदली झालेली. नव्या माणसाने आवक नोंदवही उघडून दाखवली. त्यात माझा अर्ज होता, त्यापुढे "सहपत्रे" या रकान्यात काही नव्हतं. मग चकरा सुरू झाल्या. माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं, "सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही." पहिलं अपील केलं, तेच वाक्य परत आलं. वही कुणी मुद्दाम फेकली असं मी म्हणत नाही. एखाद्या कपाटात, दुसऱ्याच फाइलीखाली ती आजही असेल असं मला अजून वाटतं. पण "मूळ द्या" असा हट्ट धरणाऱ्याला ती सांभाळता येत नसेल, तर मागायचा अधिकार त्याला कुणी दिला? हा राग सात वर्षांनीही गेलेला नाही.

तलावाचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. पोकलेनने चारही कडा सरळ खाली उतरवल्या. पुढच्या जुलैत पाणी थेट भिंतीला लागून उभं होतं, तुतारीला पाय टेकवायला बोटभर पाण्याची जागा उरली नव्हती.

मग मी आठवणीतून नोंदी परत लिहायला बसलो, आणि दुसरी चूक कळली. मनात सगळं वारीच्या हिशेबाने साठलं होतं. "पालख्या गेल्यावर दुसऱ्या रविवारी," "आषाढीच्या आदल्या आठवड्यात." आमच्याकडे सगळेच तसं बोलतात. पण आषाढी एकादशी 2015 साली 27 जुलैला होती, 2017 साली 4 जुलैला आणि 2018 साली पुन्हा 23 जुलैला. मधे अधिक मास आला की सगळं सरकतं. पक्ष्याच्या आगमनाचा अभ्यास आठवड्यांवर चालतो, तिथे तीन आठवड्यांची चूक म्हणजे नोंदच बाद. त्यातल्या त्यात वाचल्या त्या शेतकऱ्यांच्या नक्षत्रांवर बेतलेल्या आठवणी. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळे दरवर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात. पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस, 5-6 जुलैच्या सुमारास, आणि पुष्य, म्हणजे म्हातारा, 19-20 जुलैच्या सुमारास. तलावाशेजारी ज्यांचं रान आहे ते आजोबा मला विचारायचे, "म्हातारा लागला, तुमचं पाखरू आलं का?" बहुतेक वेळा आलेलं असायचं. तुमची 24 जुलै याच म्हाताऱ्यात बसते.

आता "जुलैत कुठून येणार" याचं उत्तर. "हिवाळी पाहुणे" हा शब्दच आपला घात करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकणाऱ्याला वाटतं थंडी पडली की पक्षी येतात, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कुणी दुर्बीण बाहेर काढत नाही. हिरवी तुतारी थंडी पडायची वाट बघत नाही. तिची वीण स्कँडिनेव्हियापासून सैबेरियापर्यंतच्या ओलसर जंगलांत होते, तेही जमिनीवर नाही, झाडावर, बहुधा कस्तुरासारख्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात. अंडी साधारण चार, उबवायला तीनेक आठवडे. पिल्लं मोठी व्हायच्या आत माद्या त्यांना नरावर सोपवून निघतात, काही तर जूनमध्येच. म्हणजे आपल्याकडे पेरण्या चालू असतात तेव्हा तिचा परतीचा प्रवास सुरू झालेला असतो. जुलैअखेर-ऑगस्टात ती भारतात पोचते आणि पार एप्रिल-मेपर्यंत दिसते. याला हिवाळा कसं म्हणायचं?

आणि ती उजनी धरणावर न दिसता तुमच्या लहानशा तलावावर का दिसली, तेही लिहितो. तिला विस्तीर्ण पाण्याचं आकर्षण नाही. ओढा, डबकं, पाटाची कड, म्हशी बसतात ती जागा, तिथे एकटी-दुकटी सापडेल. समुद्रकिनारी तर क्वचितच. त्यात उजनी स्थानिक पावसावर भरत नाही, घाटमाथ्यावर पाऊस झाला की वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी भीमेतून येतं आणि आपल्याकडे कोरडं असतानाही धरणाच्या कडेचा चिखल बुडू लागतो. आपले पाझर तलाव मात्र परतीच्या पावसापर्यंत अर्धे उघडेच असतात. चिखलात चोच घालून जगणाऱ्या पक्ष्याने कुठे उतरावं, सांगा.

तुमचा फोटो लांबचा आहे, पण पंखाखालची बाजू काळपट दिसते आणि कंबर पांढरीशुभ्र. ठिपकेवाली तुतारी असती तर पंख खालून फिकट दिसले असते, भुवई डोळ्याच्या बरीच मागे गेली असती आणि पाय पिवळट असते. साधी तुतारी उडताना पंखावर पांढरी पट्टी दाखवते, कंबर तपकिरी, आणि पाण्याला लागून थरथरत जाते. मला तरी तुमच्या ओळखीबद्दल शंका नाही. पण मी पक्षिशास्त्रज्ञ नाही, एका तालुक्यात फिरलेला मास्तर आहे. कोकणातलं किंवा विदर्भातलं वेळापत्रक मी छातीठोकपणे सांगणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. पाणथळीच्या कित्येक जातींची वर्षभराची पोरं उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत, इथेच रेंगाळतात. त्यामुळे कुणी विचारेल, ही नुकतीच आलेली कशावरून, गेलीच नसेल तर? याला फोटो उत्तर देत नाही, रिकामे रविवार देतात. जूनमध्ये आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्ही गेलात आणि ती नव्हती, हे तारखेसह लिहिलेलं असेल तर 24 जुलै हे आगमन ठरतं. लोक दिसलेलं लिहितात, न दिसलेलं सोडून देतात. तुमच्या वहीत शून्यं असतील तर तिची किंमत दुप्पट समजा. जानेवारीतली पाणपक्षी गणना 1987पासून होते, मीही अनेकदा गेलो आहे, जरूर जा. पण जानेवारीत मोजलेला पक्षी जुलैत आला की नोव्हेंबरात, हे त्या आकड्यातून कळत नाही.

ई-बर्डवर, म्हणजे पक्षी नोंदवायच्या संकेतस्थळावर, नोंद टाकल्यावर तपशील विचारणारा निरोप आला तर खचू नका. त्या जिल्ह्यात त्या महिन्यात जे अपेक्षित नाही त्यावर यंत्रणा आपोआप बोट ठेवते, मग तपासणारा स्वयंसेवक विचारतो. तिथे पंखाखालचा रंग, कंबर, आवाज सरळ लिहा. फोटो कापून न टाकता अख्खा टाका आणि कॅमेऱ्यातली तारीख आधी तपासा, बॅटरी संपली की काही कॅमेऱ्यांत ती बदलते. आणखी एक, फोनवर आवाज टिपून ठेवा. उडताना ती दोन-तीन स्वरांची खणखणीत शीळ घालते, अंधुक फोटोपेक्षा ती शीळ मला जास्त भरवशाची वाटते.

आता सोमवार. वहीचं पानन् पान स्कॅन करा, एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे. कार्यालयात साक्षांकित प्रती द्या. त्यांना मूळ पाहायचीच असेल तर समोर बसून दाखवा आणि परत घेऊन या. अर्जाखाली "सहपत्रे : साक्षांकित प्रती, पाने इतकी" असं लिहा आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका, समोर कुणीही असो. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या 2017च्या नियमांचा आधार घेऊन भांडू नका असं माझं मत आहे. सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलसाठे त्या व्याख्येतून वगळले आहेत, समोरचा तेच वाक्य दाखवून तुम्हाला बाहेर काढेल. कायद्याचा सल्ला म्हणून हे धरू नका, वकिलाला जरूर विचारा.

त्याऐवजी शेतकऱ्याच्या फायद्याचं बोला. ओढ्याबरोबर आलेली वाळू-मुरूम तलावाच्या तोंडाशीच बसते, रानात टाकायला चांगला बारीक गाळ भरावाकडे, म्हणजे तलावाच्या बांधाकडे साठतो. म्हणजे खोदाई भरावाकडून केली तर शेतकऱ्याला हवी ती माती मिळते आणि ओढ्याकडची उतरती कड आपोआप वाचते. अर्जात हे लिहा, त्या कडेचा हाताने काढलेला नकाशा जोडा आणि सरपंचांची सही घ्या. कोणती कड ठेवायची याबद्दल शंका असेल तर पाणी कमी असतानाचा तलावाचा एक फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.