डिसेंबरमध्ये चार दिवस एकटाच स्टॉकहोमला जातोय. थंडी सोसेल का, आणि एवढ्या छोट्या दिवसात काय काय पाहून होईल?

थंडी सोसेल. पंचाईत करतो तो अंधार.

21 डिसेंबरच्या सुमारास स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 7 अंश वर असतो (त्याच दिवशी मुंबईत 47), त्यामुळे जुन्या गावातल्या बोळांत ऊन उतरतच नाही. ढग असले तर दिवसभर तिन्हीसांजेचाच उजेड. म्हणून 9 ते पावणेतीन बाहेर फिरायचे आणि मग छपराखाली जायचे. बहुतेक जण नेमके उलटे करतात: नाश्ता लांबवतात, 10 ला संग्रहालयात शिरतात आणि 2 ला बाहेर येतात तेव्हा उजेड संपत आलेला असतो. तारखा अजून हातात असतील तर विचार करा: रोषणाई आणि नाताळचा बाजार हवा असेल तर डिसेंबरचे पहिले तीन आठवडे, उजेड आणि बर्फ हवा असेल तर फेब्रुवारीचा शेवट, तेव्हा दिवस 10 तासांचा झालेला असतो. बर्फाची हमी मात्र कुठल्याच महिन्यात नाही.

कपड्यांबद्दल आपल्याकडची समजूत थोडी चुकते. पुण्यात जानेवारीत घर आणि अंगण सारखेच गार असते, म्हणून आपण जाड स्वेटर घालून दिवसभर वावरतो. तिथे बाहेर शून्याच्या आसपास (थंडीची लाट आली तर उणे 10 ते 15), पण दुकानात, मेट्रोत, संग्रहालयात 20 अंश. दोन स्वेटर एकावर एक चढवलेत तर आत घाम येईल, आणि तो बाहेर पडल्यावर अंगावर गार होईल. थंडी वाजते ती या ओलाव्याने. अंगालगत सुती बनियन नकोच, ते घाम धरून ठेवते. पातळ लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर एक फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट एवढे पुरते. जाकिटाची चेन सहज उघडता यायला हवी. माकडटोपी खुशाल न्या, कानांना तिच्यासारखे दुसरे काही नाही.

सगळ्यात जास्त पैसे बुटांवर खर्च करा. तापमान शून्याच्या वरखाली होत असल्याने दिवसा रस्त्यावर बर्फाचा चिखल होतो आणि रात्री तोच काचेसारखा गोठतो. फूटपाथवर खडी टाकतात, तरी उतारांवर आणि पायऱ्यांवर पाय सटकतो. बूट पाणी न शिरणारे, खोल खाचांच्या तळाचे आणि एक नंबर मोठे घ्या. लोकरी मोज्यांमुळे बूट घट्ट झाला तर रक्त नीट फिरत नाही आणि बोटे आधी गारठतात. बुटावर चढवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या तिथेच मिळतात, त्यांना ‘ब्रॉडार’ म्हणतात. दुकानात शिरताना त्या काढायच्या, गुळगुळीत फरशीवर त्या बर्फापेक्षा वाईट घसरतात. फूटपाथवर भिंतीला तिरक्या टेकवलेल्या काठ्या किंवा ‘रासरिस्क’ अशी पाटी दिसली तर पलीकडच्या बाजूने चाला. वर छपरावरून बर्फ कोसळण्याचा धोका आहे असा तिचा अर्थ.

शहरातल्या प्रवासासाठी ‘एसएल’ या सार्वजनिक वाहतूक संस्थेचे एकच तिकीट मेट्रो, बस, ट्राम आणि काही बोटींना चालते. सुटे तिकीट 75 मिनिटांचे. 72 तासांच्या पासची किंमत साधारण आठ-नऊ सुट्या तिकिटांएवढी, म्हणजे चार दिवसांत तो सहज वसूल होतो. आर्लांडा विमानतळावरून जलद गाडी 20 मिनिटांच्या आत शहरात पोचवते, पण महाग. विमानतळावरून थेट सुटणाऱ्या लोकल गाडीलाही जादा स्थानक-शुल्क पडते. ते वाचवायचे तर 583 नंबरच्या बसने मेर्स्टा स्थानक गाठा आणि तिथून लोकल धरा; दोन्हीला साधे एसएल तिकीट चालते, वेळ तास-सव्वा तास.

आता पाहण्याचे. एका सकाळी गाम्ला स्तान, म्हणजे जुने गाव. साडेनऊला पोचलात तर गर्दी नसते. स्तूरतोर्येत हा मधला चौक. 1520 च्या नोव्हेंबरमध्ये इथेच ऐंशीहून अधिक लोकांचा शिरच्छेद झाला, आणि आता त्याच फरसबंदीवर डिसेंबरमध्ये नाताळचा बाजार भरतो. जवळच मोर्तेन त्रोत्सिग बोळ आहे, सर्वांत अरुंद जागी फक्त 90 सेंटिमीटर. तिथल्या पायऱ्या गोठलेल्या असतील तर खालूनच बघा. मग शेजारच्या रिद्दारहोल्मेन बेटाच्या धक्क्यावरून पाण्यापलीकडचे नगरभवन, आणि दोनच्या सुमारास दक्षिणेकडच्या टेकडीवरची मोंतेलियुसवेगन ही पायवाट. तिथून डिसेंबरात सूर्य पाण्यात बुडताना दिसेल अशी अपेक्षा नको, तो नैऋत्येला मावळतो आणि वाटेचे तोंड उत्तरेकडे आहे. पण शहरातले दिवे लागताना आणि आकाश निळेजांभळे होताना बघायला याहून चांगली जागा नाही.

वासा संग्रहालय अंधार पडल्यावरसाठी राखा. 10 ऑगस्ट 1628 ला वासा हे 64 तोफांचे जहाज पहिल्याच सफरीत सुमारे 1300 मीटर जाऊन बुडाले: वरचा भाग जड, तळाशी वजन अपुरे, वाऱ्याने कलले आणि उघड्या तोफखिडक्यांतून पाणी शिरले. 1961 मध्ये वर काढले तेव्हा लाकूड जवळपास शाबूत होते, कारण बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट आहे आणि लाकूड पोखरणारा जहाजकिडा त्यात जगत नाही. खालून वरपर्यंत सगळे मजले बघा, मागचे कोरीवकाम वरच्या मजल्यांवरूनच नीट कळते. अडीच तास धरा. 7 नंबरची ट्राम जाते; जुन्या गावाजवळच्या स्लुसेनहून बोटीनेही युरगोर्डेनला, म्हणजे संग्रहालयाच्या बेटावर, जाता येते आणि तिला तोच पास चालतो. बोट उजेडात घ्या, ट्राम परतीला.

नगरभवन फक्त मार्गदर्शकाबरोबर आतून दिसते आणि मनोरा हिवाळ्यात बंद असतो. नोबेलची मेजवानी 10 डिसेंबरला तिथल्या ‘निळ्या’ दालनात होते (दालन विटकरी आहे, वास्तुकाराला विटांचा रंग एवढा आवडला की निळा दिलाच नाही). त्या तारखेच्या आसपास फेऱ्या रद्द होतात, आधी वेळापत्रक बघा. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, 24 आणि 25 डिसेंबरला तर जवळजवळ सगळे शहर.

संध्याकाळी स्वस्तात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मेट्रो. 11 नंबरची निळी मार्गिका कुंग्सत्रेगोर्डेनहून धरा, टी-सेंत्रालेन (निळ्या वेली), रॉदहुसेत, आणि शेवटी सूल्ना सेंत्रुम (लालभडक गुहा, खाली हिरवे जंगल). गेटच्या बाहेर पडायचे नाही, म्हणजे एकाच तिकिटात भागते.

जेवणासाठी 11 ते 2 मधले ‘दागेन्स लंच’ शोधा: गरम पदार्थ, सॅलड, पाव, कॉफी, साधारण 130 ते 170 क्रोना. रात्री तेच हॉटेल दुप्पट घेते. शाकाहारी असाल तर ‘वेगेतारिस्क’ म्हणा, पण त्यात अंडे येते. अंडे नको असेल तर ‘वेगान्स्क’. गुरुवारी मिळणाऱ्या पिवळ्या वाटाण्याच्या आमटीत बहुधा डुकराचे मांस असते, विचारून घ्या. वेलचीचा बन मात्र चुकवू नका, वेलची तिथे आपल्या लाडवांपेक्षा सढळ हाताने घालतात.

एकटे असताना खरी फजिती होते ती फोनची. तिकीट, नकाशा, पैसे सगळे त्यात, आणि गारठ्यात बॅटरी 30 टक्क्यांवरूनसुद्धा अचानक बंद पडते. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. पॉवर बँक न्या. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहा. रोख रक्कम बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, यूपीआयचा प्रश्नच नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन प्लास्टिक कार्डे वेगवेगळ्या खिशांत हवीत, पिन पाठ हवा, आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार व ‘टॅप’ हे दोन्ही पर्याय स्वतंत्रपणे चालू करावे लागतात. दुसरा पर्याय बरेच जण विसरतात. वसतिगृहात राहणार असाल तर चादरीचे पैसे वेगळे असू शकतात.

ध्रुवीय प्रकाश बघायची मनात इच्छा असेल तर स्टॉकहोममध्ये तो क्वचितच दिसतो. शहर 59 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यासाठी रात्रीच्या रेल्वेने पार उत्तरेतले किरुना किंवा आबिस्को गाठावे लागते, आणि चार दिवसांत ते कोंबायला गेलात तर दोन्हीकडचे अर्धेच बघून होईल.