तीन वर्षांच्या मुलीला संगीताच्या वर्गात घालावे का?

आपली मुलगी गाणे लावले की ऐकत बसण्याऐवजी उड्या मारते, शब्द मनानेच बदलते आणि डब्यावर चमचा आपटते. तेव्हा तिला शिस्तीने शिकवणाऱ्या वर्गात घालावे की बुद्धी वाढवणारी म्हणून विकली जाणारी ध्वनिमुद्रणे रोज ऐकवावीत, असे आपण विचारले आहे. गेली अठरा वर्षे मी याच वयाच्या मुलांना शिकवते आहे आणि माझे मत असे की, आपण ज्याला व्यत्यय समजत आहात तेच तिचे शिकणे आहे.

नुसते संगीत ऐकून बुद्धी वाढते हा समज पसरला तो मुख्यतः १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या मोझार्टच्या संगीतावरील एका छोट्या प्रयोगामुळे. त्या प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, लहान मूल एकही नव्हते. आणि आकृत्यांच्या कोड्यांमध्ये त्यांना झालेला लाभ दहा-पंधरा मिनिटांत ओसरला.

त्याहून २००५ सालचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सात महिन्यांच्या बाळांना कोठेही आघात नसलेला एकच ठेका ऐकवला, मात्र काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवले, तर काहींना दर तिसऱ्या. पुढे ज्याचे अंग ज्या तालात हलले होते, त्या बाळाने त्याच तालातला ठेका अधिक वेळ ऐकला. दुसऱ्या कोणाला झुलताना नुसते पाहिलेल्या बाळांमध्ये हा फरक आढळला नाही. ताल कानाइतकाच अंगाने कळतो, म्हणून आपल्या मुलीच्या उड्या थांबवू नयेत.

शब्द बदलण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पालकांना हीच गोष्ट सर्वांत निरर्थक वाटते. ‘पाऊस’च्या जागी ‘माऊस’, मग ‘टाऊस’ असे म्हणत हसणाऱ्या मुलाने शब्दाचा पहिला आवाज उरलेल्या शब्दापासून सुटा करून पाहिलेला असतो, आणि पुढे वाचायला शिकताना, एकेका चिन्हाला आवाज जोडताना, त्याला नेमके हेच कौशल्य लागते. अर्थ नसलेल्या यमकांत अर्थाचे ओझे नसल्यामुळे मुलाचे सगळे लक्ष आवाजावर राहते. म्हणून तिचा शब्द चुकला असे म्हणून दुरुस्त करू नका. आपणही एक नवा शब्द जोडा आणि पुढच्यासाठी थांबा. शब्द म्हणताना प्रत्येक अक्षराला एक टाळी दिली, तर शब्दाचे तुकडे तिला हातानेही जाणवतील.

ठेका थांबला की जागच्या जागी पुतळा व्हायचे, हा खेळही अवश्य खेळा. हलण्याची तीव्र इच्छा असताना शरीर आवरून धरणे हे लहान मुलासाठी खरोखर कष्टाचे काम आहे, आणि जे मूल ‘गप्प बस’ या आज्ञेने दोन क्षणही स्थिर राहत नाही, ते या खेळात श्वास रोखून उभे राहते, असे मी वर्गात वारंवार पाहिले आहे. एक मुलगा कित्येक आठवडे माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मी टेबलावर दोन थापा दिल्या, त्याने दोन दिल्या, मी तीन दिल्या, त्याने चार देऊन माझ्याकडे पाहिले. आपली पाळी, समोरच्याची पाळी, ऐकणे आणि उत्तर देणे, संभाषणाचा सगळा सांगाडा त्या थापांमध्ये होता. शब्द आले ते त्यानंतर.

वर्ग लावायचाच असेल, तर जेथे पालकही मुलांबरोबर जमिनीवर बसून गातात आणि परीक्षा नसते असा निवडावा. वाद्याचे रीतसर शिक्षण बोटांवर पुरेसा ताबा आल्यावर सुरू झाले तरी काहीही बिघडत नाही. आपला आवाज चांगला नाही म्हणून गाण्याचे टाळू नये, कारण ध्वनिमुद्रण तिच्यासाठी संथ होत नाही, आणि तिचा शब्द अडला तर तिची वाटही पाहत नाही.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. पाठीमागून हळू हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा तालाला प्रतिसाद देत असूनही बोलणे वयाच्या मानाने फार मागे असेल, तर श्रवणचाचणी तत्काळ करून घ्यावी. मोठे ठोके ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, असे काही मुलांच्या बाबतीत घडते.